प्रतीक्षालयात जागा नाही

१० फेब्रुवारी २०२५

साइटवर रोज रजिस्टर भरावं लागतं. सिमेंट किती आलं, मजूर किती आले, मशीन किती तास चाललं. मनातलं लिहायची त्यात सोय नाही, म्हणून ही वेगळी वही. हीसुद्धा कंपनीचीच आहे असं मी दामिनीला सांगितलं. ती हसली. बायकोला थापा मारायला मला कधी जमलंच नाही.

आज प्रतीक्षालय पूर्ण झालं. देवसांगवी जंक्शनवर मी दोन वर्षं सुपरवायझर आहे आणि दोन वर्षं ही गर्दी बघतोय. लातूरकडची गाडी आणि नांदेडकडची गाडी पंधरा मिनिटांच्या फरकानं येतात. एकीतून उतरलेले दुसरीत चढायला धावतात, त्यात लोहा-कंधारहून बसनं आलेले घुसतात, आणि सगळ्यांना मिळून फलाट जेमतेम दोन खाटांच्या रुंदीचा. मागच्या दिवाळीत रेटारेटीत एका बाईचा हात मोडला. आता गाडी लागेपर्यंत लोकांना या दालनात बसवायचं आणि मग सोडायचं. तीनशे माणसं आरामात बसतील. पंखे, नळ, स्टीलची बाकडी, गुळगुळीत फरशी. मी स्वतः लेव्हल लावून बघितलीय, गोटी ठेवली तरी हलत नाही.

घरी येऊन आईला, अव्वाला, सांगितलं. तिचं लक्ष नव्हतं. तिच्या छातीचं दुखणं वाढलंय आणि डोक्यात एकच विषय आहे, मेल्यावर मला तुझ्या अप्पांच्या शेजारी बसव. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून समाधी देतात. अप्पा गेले त्याला अकरा वर्षं झाली. मागच्या वर्षी त्यांची समाधी नव्या रुद्रभूमीत, आमच्या दफनभूमीत, हलवली. गुडघ्यांमुळे अव्वानं ती अजून पाहिलेली नाही. पाहिली नाही तेच बरं.

१३ फेब्रुवारी

दालन उघडलं. नारळ फुटला, पेढे वाटले. सव्वाअकराला फलाटावर मुंगी शिरायला जागा नव्हती आणि दालनात एक माणूस नाही.

लोक येतात, दारात उभे राहतात, आत बघतात आणि परत फिरतात. मी एकाला अडवलं. लोह्याचा शेतकरी, डोक्यावर बाजरीचं गाठोडं. म्हटलं, मामा, आत बसा की, पंखा आहे.

"जागा कुठं हाय," तो म्हणाला आणि गाठोडं सावरत गेला.

मी वळून बघितलं. तीनशे माणसांचं दालन, लख्ख मोकळं.

१४ फेब्रुवारी

आज मोठा बोर्ड लावला, ‘प्रवाशांनी येथे बसावे’. बाणसुद्धा काढला. काही उपयोग नाही.

कंधारची एक बाई दोन लेकरं घेऊन फलाटावर उन्हात बसली होती. तिलाही विचारलं. ती म्हणाली, आत समदी म्हातारी माणसं बसलीत, त्यांना उठवून आपण बसायचं बरं दिसतं का? मी म्हटलं, बाई, आत कुणी नाही. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळलो.

आपल्या लोकांना चकचकीत फरशीची भीती वाटते, असं माझं मत झालंय. मळक्या पायांनी आत जायचा संकोच. होईल हळूहळू सवय.

१७ फेब्रुवारी

नवाच ताप. फरशीवर पांढरे डाग आलेत. सकाळी केवळाबाई पुसते आणि दुपारी पुन्हा येतात. स्टेशनची झाडलोट तिच्याकडे आहे, काम चोख करते. डाग वेडेवाकडे असते तर समजण्यासारखं होतं. हे चौकोनी आहेत. हात-दीड हात रुंद, ओळीत, मध्ये सारखं अंतर सोडून.

मुकादम भागवत म्हणाला, साहेब, रेतीत खार असंल, वर येऊन राहिलाय. मलाही तेच वाटतं. रेतीवाल्याला झापायचं ठरवलं. तेवढ्यात केवळाबाईनं बोट लावून जिभेवर ठेवलं आणि म्हणाली, मीठ हाय. अगदी जेवणातलं.

तिची एक गोष्ट मला खटकली. ती डागांवरून फडकं फिरवत नाही. डागाच्या भोवतीनं पुसते, वाकून, पदर आवरून. मागून आलेल्या वाढप्यानं पंगतीतून वाट काढावी तसं. मी ओरडलो तर म्हणाली, पुसते की, पुसते. पण पुसलं नाही.

२१ फेब्रुवारी

रेल्वेचे मोठे साहेब पाहणीला आले. रिकामं दालन दाखवायचं कसं, म्हणून भागवतनं चाळीस मजूर धुतलेले कपडे घालून आणले. मी सांगितलं, सगळीकडे पसरून बसा, भरल्यासारखं दिसलं पाहिजे. चाळीसही जण दाराजवळच्या चार बाकड्यांवर एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे दाटून बसले. हलायला कुणी तयार नाही.

साहेब आत आले. मी त्यांच्या मागे होतो म्हणून मला नीट दिसलं. दालनाच्या मधोमध ते अंग चोरून, तिरपे होऊन चालत होते. फाइल छातीशी धरलेली, पाऊल जपून टाकत, एकदा तर थांबून वाट सोडली. समोर कुणी नव्हतं. त्यांना स्वतःलाही कळलं नसावं, कारण तोंडानं ते पंख्यांच्या वॉरंटीबद्दल बोलत होते.

बाहेर आल्यावर त्यांनी रुमालानं मान पुसली. म्हणाले, काम उत्तम आहे, पण मला वाटतं दालन कमी पडतंय. आताच एवढी गर्दी आहे. शेजारी अजून एक बांधता येईल का?

कपाळाला हात लावायचा तेवढा राहिला. वर हसून मीच म्हटलं, हो, जागा आहे.

२४ फेब्रुवारी

ही वही कुणी वाचणार नाही, तेव्हा एकदाचं लिहून टाकतो.

आत्ता दालन आहे तिथं आमची जुनी रुद्रभूमी होती. स्टेशनला जागा हवी म्हणून समाजानं रीतसर ठराव करून दिली, त्यात लबाडी नव्हती. बदल्यात औशाच्या बाजूला नवी जागा मिळाली. अट एकच होती, आधी सगळ्यांना विधीनं हलवायचं. ते काम माझ्यावर आलं. समाजाचाच पोरगा आहे, नीट करेल, असं सगळे म्हणाले.

चौथरे होते ते एकेचाळीस. एकेचाळीस हलवले. पण गरिबांना चौथरा कुठला? कुणी दगड ठेवलेला, तो पावसात गेला. कुणी तेही नाही. भागवतला मी सांगितलं, अजून असतील तर शोध. भागवत मराठा, त्यानं मातीत माणसाच्या लांबीची खूण शोधली. दोन दिवस फिरला आणि म्हणाला, न्हाई साहेब, काहीच न्हाई. आमच्यात खड्डा लांब नसतो. चौकोनी असतो, खोल असतो, माणूस उत्तरेला तोंड करून मांडी घालून बसलेला असतो, आणि भोवती मीठ, विभूती, बेलपत्री भरलेली असते. हे मला माहीत होतं. मी बोललो नाही. बोललो असतो तर काम दोन महिने लांबलं असतं, आणि मशीनं भाड्यानं येऊन उभी होती. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, ‘एकूण एकेचाळीस, काम पूर्ण’.

अप्पांचाही चौथरा बांधायचा राहूनच गेला होता. खूण म्हणून आम्ही बेल लावला होता. मी पोचायच्या आधी मशीननं बेल पाडून बाजूला टाकला होता. मी अंदाजानं एक जागा दाखवली. गळ्याएवढं खणलं, काही लागलं नाही. दुसरीकडे खणायला पाहिजे होतं. मी ओंजळभर माती फडक्यात बांधली, नव्या जागी पुरली आणि वर चौथरा बांधला. छान बांधलाय, काळ्या दगडाचा, नाव कोरून. अव्वाला सांगितलं, अप्पांना मी माझ्या हातांनी नेलं.

आज डाग मोजले. चौसष्ट.

रेतीत खारच असणार. पण रेतीवाल्याला मी अजून फोन केलेला नाही.

१ मार्च

अव्वाला लातूरला डॉक्टरकडे न्यायचं होतं. मी म्हटलं जीप करू, ती म्हणाली तू बांधलेलं बघायचंय, रेल्वेनंच जाऊ. दामिनी, ती आणि मी दहाला स्टेशनवर आलो.

दालनाच्या दारात अव्वा थांबली. चपला काढल्या. मी म्हटलं, इथं चपला चालतात. तिनं ऐकलं नाही, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि बराच वेळ आत बघत राहिली. दामिनी तिकिटं काढायला गेली होती.

"रवी, ह्यान्ला कुणी सांगितलंय का गाडी कवा हाय ते?"

"कुणाला, अव्वा?"

"हे बसलेत त्यान्ला. कवाचे बसलेत कुणास ठाऊक. एकानं बी मागं वळून बघितलं न्हाई." मग हळू आवाजात म्हणाली, "त्या खांबापाशी बसलाय न्हाई का एकजण, मागून तुझ्या अप्पांवानी दिसतोय. तसाच खांदा उतरलेला."

मी म्हटलं, तुझा मोतीबिंदू काढायला झालाय. ती आत आली नाही. बसलेल्या मोठ्या माणसांमधून बाईनं कसं जायचं, म्हणाली. मग आम्ही तिघं फलाटावरच्या गर्दीत उभे राहिलो. अव्वाला धक्के लागत होते आणि मागे माझं तीनशे माणसांचं दालन मोकळं होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय फार थकलंय. घरीच ठेवा.

परत येताना मी एकटा आत गेलो, त्या खांबापाशी. तिथंही डाग होता, बाकीच्यांसारखाच. मी त्याच्यावर पाय ठेवला नाही. का नाही ठेवला ते सांगता येणार नाही.

५ मार्च

रामलिंग स्वामींकडे गेलो. आमच्या सगळ्या घरांतले विधी तेच करतात, अप्पांचेही त्यांनीच केले होते. मी दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखं विचारलं, की समजा एखादी समाधी हलवायची राहिली असेल आणि वर बांधकाम झालं असेल, तर काय करायचं. ते पाटावर बसून विभूती चाळत होते. मान वर न करता म्हणाले, जिथं राहिलंय तिथं उकरायचं, त्यांना सांगायचं आणि घेऊन जायचं. सांगितल्याशिवाय माणूस जागचा उठत नसतो. मी म्हटलं, आणि ज्याच्या हातून राहिलं त्यानं काय करायचं? ते म्हणाले, त्यानंच सांगायचं असतं.

घरी येऊन कंपनीला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. दालनाचा ताबा रेल्वेकडे बारा तारखेला जाणार आहे, त्याच्या आत दिलं पाहिजे. फरशी उखडावी लागेल, माझी नोकरी जाईल, कदाचित गुन्हाही दाखल होईल. अव्वाला कळेल, हे सगळ्यात वाईट. पत्र घडी करून खिशात ठेवलंय.

८ मार्च

पत्र खिशातच आहे.

९ मार्च

अव्वाचा श्वास लागलाय. दामिनी दोन दिवस तिच्या उशाशी बसून आहे, मी मध्ये मध्ये साइटवरून येतो. आज दुपारी अव्वानं दामिनीला पाणी आणायला पाठवलं आणि माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता.

"रवी, तुझे अप्पा तिथं हायत ना? नव्या जागेला?"

मी तिच्या डोळ्यांकडे बघू शकलो नाही. मनात म्हटलं, आता सांगायचं. खिशात पत्र होतं, ते नुसतं तिच्या हातात दिलं असतं तरी चाललं असतं, तिला वाचता येत नाही, म्हणजे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं.

"हाव," मी म्हणालो.

"तू नेलंस ना त्यान्ला?"

"हाव, अव्वा."

"मग झालं," ती म्हणाली. "मला लई शोधत बसायला नको."

दामिनी पाणी घेऊन आली तेव्हा ती झोपली होती. मी भित्रा आहे. दुसरा शब्द मला सापडत नाही.

११ मार्च

अव्वा गेली. पहाटे, दामिनीच्या मांडीवर.

दुपारी समाधी दिली. अप्पांच्या चौथऱ्याला लागून खड्डा घेतला. खणणारा विनोद वर येऊन म्हणाला, शेजारची बाजू लई कडक हाय, मुरूम हाय, इथं कधी कुणी खणलेलंच न्हाई. रामलिंग स्वामी माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी ऐकलं. मला विचारलं, हिचे मालक कुठल्या अंगाला बसलेत, तिला सांगावं लागेल.

मी बोट दाखवलं. काळ्या दगडाकडे.

स्वामींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग अव्वाच्या कानाशी वाकून तेच सांगितलं. तिला उत्तरेकडे तोंड करून बसवलं, तळहातात लिंग ठेवलं. मीठ ओतताना मी मान वर केली नाही. लोकांना वाटलं, आईसाठी रडतोय. रडत होतोच. अव्वा, मला माफ कर.

पत्र घरी येऊन चुलीत टाकलं. आता वाचून कुणाला दाखवायचं?

१३ मार्च

आमच्यात सुतक पाळत नाहीत, म्हणून आज कामावर गेलो. काल दालनाचा ताबा देऊन झाला होता, भागवतनंच सह्या केल्या.

अकराला दालनात गेलो आणि दारातच थबकलो. भरलं होतं. खरोखरची माणसं, पोती, लेकरं, डबे. कुणी फरशीवर आडवं झालेलं, कुणी नळावर तोंड धूत होतं. लातूरची गाडी लागली तसे आतून रांगेनं सुटले, फलाटावर एक धक्का नाही. स्टेशनमास्तरांनी येऊन माझा हात दाबला. गर्दीचा प्रश्नच संपला म्हणाले.

फरशी स्वच्छ होती. एक डाग नाही.

जीव भांड्यात पडायला हवा होता. मी केवळाबाईला शोधलं. ती बाहेर कट्ट्यावर भाकरी खात होती. विचारलं, डाग कशानं घालवले? ती म्हणाली, मी कुठं घालवले, गेले ते. काल सकाळी एक म्हातारी आली न्यायला.

मी विचारलं, कसली म्हातारी? केवळाबाईनं भाकरी खाली ठेवली.

"नवीच दिसली. कपाळभर विभूती. आधी आत येऊन एकेकाच्या म्होरं जाऊन तोंड बघितलं. खांबापाशी एकजण व्हता, त्याच्यापाशी बसली घडीभर. मंग उठली तसा तो बी उठला. अन् मागून समदेच उठले. इतक्या दिवसांत कुणी सांगायलाच आलं नव्हतं वाटतं त्यान्ला."

"कोणत्या गाडीनं गेले?"

"गाडीकडं न्हाईच गेले. गावाच्या रस्त्यानं गेले. म्हातारीला वाट ठाऊक व्हती."

कुठल्या तरी मठाला जाणारे असतील, मी म्हटलं. ती पुन्हा भाकरी खायला लागली. मीही तेच धरून बसलो, संध्याकाळपर्यंत.

साडेसहाला घरी आलो. दामिनीनं दिवा लावला होता. पुढच्या खोलीत अव्वाची खाट उभी करून ठेवलेली, चटई गुंडाळलेली, बाकी सगळं मोकळं. मी चपला काढल्या, उंबऱ्यावर पाय ठेवला आणि तो पुढे टाकायला मला जागा सापडेना. दिसत काही नव्हतं. लग्नाच्या मांडवात उशिरा पोचलेला माणूस जसा दारात उभा राहतो, तसा मी माझ्याच घराच्या दारात उभा राहिलो. मिठाचा वास येत होता.

दामिनी आतून म्हणाली, या की आत, हातपाय धुवा. मी म्हटलं, आलो. मग मी हळू आवाजात सगळं सांगितलं, बेलाचं, फडक्यातल्या मातीचं, एकेचाळीसच्या आकड्याचं. ऐकून कुणी वळलं असेल तर मला कळलं नाही. आमचं दार दक्षिणेला आहे, त्यांच्या पाठीच असणार माझ्याकडे.

दामिनी बाहेर आली, कुणाशी बोलताय म्हणाली. मी तिला सांगितलं, माझं अंथरूण ओट्यावर टाक. ती म्हणाली, एवढं घर मोकळं पडलंय आणि ओट्यावर कशाला?

उद्या कंपनीला खरं सांगेन म्हणतो. पण आता तिथली फरशी उखडून कुणाला काय मिळणार आहे? मी ओट्यावर बसून हे लिहितोय. दामिनीनं आतून दोनदा हाक मारली. आत अव्वा आहे, अप्पा आहेत, आणि ज्यांची नावंसुद्धा मी कधी विचारली नाहीत असे त्रेसष्ट जण. मला जागा नाही.